शमनचे गिअर वाढते, जोर वाढत नाही : दोष शोधण्याचा क्रम

लक्षणे

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये शमन या पात्राच्या अंगावर नवे गिअर (चिलखत, शस्त्रे वगैरे) चढते, आयटम लेव्हल (वस्तूची ताकद दाखवणारा आकडा) वाढते, पण बॉससमोरचे (मोठ्या शत्रूसमोरचे) डॅमेज होते तिथेच राहते किंवा चक्क घटते. सर्वांत जास्त वेळा कानावर येणारी तक्रार हीच. दुसरे लक्षण असे की बाहेर मैदानात साध्या शत्रूंवर प्रत्येक स्पेल (मंत्र) लागतो आणि रेडमध्ये (अनेकांनी मिळून लढायच्या मोहिमेत) मात्र साधारण दर सहा स्पेलमागे एक हुकतो. तिसरे एनहान्समेंट, म्हणजे शस्त्रांनी जवळून मारणाऱ्या शमनचे आहे : एखाद्या क्षणी आकडे एकदम उसळतात आणि मग बराच वेळ पडद्यावर दखल घेण्यासारखे काही घडत नाही. चौथे रिस्टोरेशनचे, म्हणजे जखमा भरणाऱ्या शमनचे : लढत निम्म्यावर येते आणि मॅना (स्पेलसाठी खर्च होणारी शक्ती) तळाला जातो, किंवा मॅना पुरतो, हीलिंगच्या तक्त्यात नावही वर असते, तरी टँक (शत्रूचा मार अंगावर घेणारा साथी) मरतो. पाचवे लक्षण म्हणजे शमन स्वतःच इतरांआधी पडतो, आणि त्याचे खापर बहुतेक वेळा गिअरवर फुटते.

गिल्डमधल्या (खेळाडूंच्या कायमच्या गटातल्या) नव्या शमनांचे गिअर तपासण्याचे काम बराच काळ माझ्याकडे आहे. या पाचही तक्रारींच्या मुळाशी कमी दर्जाचे गिअर क्वचितच सापडते. बहुधा सापडते ते तीन कामांत वाटले गेलेले गिअर. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधला शमन एलिमेंटल होऊन दुरून वीज पाडतो, एनहान्समेंट होऊन दोन शस्त्रांनी जवळून मारतो आणि रिस्टोरेशन होऊन जखमा भरतो. तिन्ही कामांसाठी तो मेल (धातूच्या कड्यांचे) प्रकारचेच चिलखत घालतो, त्यामुळे त्याच्या बॅगेत तिन्ही प्रकारच्या वस्तू जमतात आणि 'आकडा मोठा दिसला म्हणून घातली' या न्यायाने त्यांची सरमिसळ होते.

पुढचे नियम मुख्यतः याच गेमचे आहेत. जुने आकडे देताना ते बर्निंग क्रुसेड या जुन्या आवृत्तीच्या 70 लेव्हलचे की लिच किंग या तिच्यानंतरच्या आवृत्तीच्या 80 लेव्हलचे हे प्रत्येक ठिकाणी लिहिले आहे, कारण एका आवृत्तीचा आकडा दुसरीत वापरणे हाही एक नेहमीचा दोष आहे. सध्याच्या मुख्य आवृत्तीत हिट (न हुकण्याची क्षमता) आणि एक्स्पर्टीज (शत्रूला फटके चुकवू न देण्याची क्षमता) हे स्टॅटच (पात्राचे गुण) उरलेले नाहीत. 2014 साली ते काढून टाकले गेले. त्या आवृत्तीत खेळणाऱ्यांनी तिसरी तपासणी सोडून द्यावी.

पहिली तपासणी : अंगावर प्रत्यक्षात काय आहे

हिला काही खर्च नाही आणि पाच मिनिटांत ती होते, तरी बहुतेक जण हीच टाळतात. कॅरेक्टरची खिडकी उघडून डोक्यापासून शस्त्रापर्यंत एकेका खान्यावर कर्सर न्यावा आणि दिसणारा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. आधी ड्युरेबिलिटी (वस्तूचा टिकाऊपणा) पाहावी. ती शून्यावर आलेली वस्तू अंगावर दिसते, पण तिचे स्टॅट मोजले जात नाहीत, आणि रेडमध्ये लागोपाठ मरणाऱ्याच्या दोन-तीन वस्तू अशा निकामी झालेल्या असणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. मग एनचँट (वस्तूवर लावलेली कायमची जादू) पाहावे. नवी वस्तू घातली की जुन्या वस्तूवरचे एनचँट जुन्या वस्तूबरोबरच बॅगेत जाते, त्यामुळे थोड्या चांगल्या आयटम लेव्हलची पण कोरी वस्तू घातल्यावर जोर घटला तर त्यात कोडे काहीच नाही.

यानंतर, जुन्या आवृत्त्यांत, मेटा जेम. जेम म्हणजे वस्तूत बसवायचे रत्न. डोक्याच्या वस्तूतला हा जेम चालू होण्यासाठी इतर जेम विशिष्ट रंगांचे आणि विशिष्ट संख्येने असावे लागतात. एखादी वस्तू बदलताना त्यातला निळा किंवा पिवळा जेम निघून गेला की अट मोडते, मेटा जेमची ओळ करडी होते आणि तो गप्प बसतो. गेम त्याची वेगळी सूचना देत नाही, म्हणून हा दोष महिनोन्‌महिने तसाच राहू शकतो.

शमनपुरती आणखी दोन जागा बघायच्या असतात. विंडफ्युरी वेपन, फ्लेमटंग वेपन यांसारखे शस्त्रावरचे संस्कार वेळ संपली की उतरतात, आणि शस्त्र बदलले की नव्या शस्त्रावर नव्याने लावावे लागतात. दोन शस्त्रे वापरणाऱ्याला ते दोन्हींवर लावावे लागतात. वॉटर शील्ड आणि लाइटनिंग शील्ड यांचेही तसेच आहे. जुन्या आवृत्त्यांत त्यांचे गोळे मार खाताना संपतात आणि लढतीच्या गडबडीत शील्ड पुन्हा लावायचे राहून जाते.

शेवटी स्वतःला एक प्रश्न विचारावा : ही वस्तू कोणत्या कामासाठी बनली आहे? बर्निंग क्रुसेडच्या काळात अरीनातून मिळणाऱ्या वस्तूंची आयटम लेव्हल चांगली असे, पण त्या लेव्हलचा मोठा वाटा रेझिलियन्सवर खर्च झालेला असे, आणि रेझिलियन्स हा खेळाडूंशी लढताना उपयोगी पडणारा स्टॅट आहे. बॉसला मारताना तो डॅमेजमध्ये काही भर घालत नाही. एलिमेंटल शमनच्या अंगावर अ‍ॅजिलिटीची वस्तू असेल तर तिथेही तेच. लेव्हलचा आकडा वस्तूत एकूण ऐवज किती आहे एवढेच सांगतो, तो ऐवज आपल्या कामाचा आहे की नाही हे सांगत नाही.

मेलबद्दलचा नियम आवृत्तीनुसार उलटा होतो, म्हणून त्याकडे नीट पाहावे. बर्निंग क्रुसेडमध्ये एलिमेंटल शमनने जास्त स्पेल डॅमेजसाठी एखादी कापडी वस्तू घातली तर त्यात काही वावगे नाही. परंतु 2010 च्या कॅटॅक्लिझमपासून चिलखताच्या सर्व खान्यांत मेल घातली तरच मुख्य स्टॅटवर 5 टक्के वाढ मिळते, आणि एकही वस्तू चामड्याची किंवा कापडाची असली की ती पूर्ण वाढ जाते. त्या एका वस्तूतून मिळणारा फायदा 5 टक्क्यांच्या नुकसानीला सहसा पुरा पडत नाही.

दुसरी तपासणी : योग्य शत्रूवर, योग्य रीतीने मोजणे

हीसुद्धा फुकट आहे, फक्त तिला थोडा धीर लागतो. कॉम्बॅट लॉग (लढतीची सविस्तर नोंद) सुरू करून किमान एक पूर्ण बॉस लढत नोंदवावी आणि नंतर ती शांतपणे वाचावी. लढत चालू असताना मीटरकडे (डॅमेजच्या चालू तक्त्याकडे) पाहून काढलेले निष्कर्ष फारसे टिकत नाहीत, कारण त्या मीटरमध्ये सरासरी दिसते, दोष दिसत नाही.

मोजताना शत्रूची लेव्हल ध्यानात घ्यावी लागते. आपल्याच लेव्हलच्या शत्रूवर स्पेल हुकण्याची शक्यता 4 टक्के असते, एक लेव्हल वरच्यावर 5 टक्के, दोन लेव्हल वरच्यावर 6 टक्के. तीन लेव्हल वर गेल्यावर मात्र ती एकदम 17 टक्क्यांवर उडी घेते, आणि रेडमधला बॉस आपल्यापेक्षा तीन लेव्हल वरचा धरला जातो. मैदानात सगळे ठीक आणि रेडमध्ये दर सहा स्पेलमागे एक वाया, या दुसऱ्या लक्षणाचा पूर्ण खुलासा या एका उडीत आहे. म्हणून मैदानातल्या शत्रूवर घेतलेली चाचणी हिटच्या प्रश्नासाठी निरुपयोगी ठरते. लिच किंगपासून शहरांत सरावाचे डमी आहेत. त्यांपैकी कवटीचे चिन्ह असलेलाच निवडावा.

लॉगमध्ये तीन गोष्टी वेगळ्या काढाव्यात : किती स्पेल किंवा फटके हुकले, दोन कृतींच्या मध्ये किती रिकामा वेळ गेला आणि प्रत्येक क्षमता किती वेळा वापरली गेली. रिकामा वेळ मोठा असेल तर पुढच्या सर्व तपासण्या तूर्त बाजूला ठेवाव्यात. लढतीचा पाचवा भाग हात थांबलेला असेल तर कितीही महाग जेम लावून तो वेळ परत मिळत नाही. बटण वेळेवर दाबूनही फट पडत असेल, तर लेटन्सीचा (सर्व्हरशी संदेश जाण्या-येण्याला लागणाऱ्या वेळेचा) आकडा पाहावा. तो सतत उडत असेल तर दोष शमनमध्ये नसून जोडणीत आहे. इथे गिअरशी खेळणे थांबवावे आणि इंटरनेट सेवा देणाऱ्याच्या तंत्रज्ञाला बोलवावे.

तिसरी तपासणी : हिटची बेरीज

जुन्या आवृत्त्यांत सर्वाधिक दोष इथे सापडतात आणि बहुतेकांचे हिशेबही इथेच चुकतात, म्हणून हा भाग लांबला आहे. हुकलेला स्पेल शून्य डॅमेज करतो, त्याचा क्रिटही (जास्त जोराचा फटका) होत नाही, आणि त्याचा मॅना मात्र जातो. त्यामुळे मर्यादा गाठेपर्यंत हिटचा प्रत्येक टक्का इतर स्टॅटपेक्षा सहसा जास्त मोलाचा असतो, आणि मर्यादा ओलांडल्यावर त्याच हिटचे मोल शून्य होते. इतर कोणत्याही स्टॅटची किंमत इतकी कडेलोट झाल्यासारखी पडत नाही.

बर्निंग क्रुसेडमध्ये 70 लेव्हलला बॉसवर हुकण्याच्या 17 टक्क्यांपैकी 1 टक्का काहीही केले तरी जात नाही, म्हणून लक्ष्य 16 टक्के. 1 टक्का स्पेल हिटला 12.6 रेटिंग (वस्तूंवर लिहिलेले गुण) लागते, म्हणजे नुसत्या गिअरमधून 202 रेटिंग आणावे लागेल. परंतु एलिमेंटल शमनला एलिमेंटल प्रिसिजन या टॅलेंटमधून (पात्रासाठी निवडायच्या कौशल्यातून) 6 टक्के आणि नेचर्स गायडन्समधून 3 टक्के मिळतात. उरतात 7 टक्के, म्हणजे 89 रेटिंग. स्वतःचाच टोटेम ऑफ राथ जमिनीत रोवलेला असेल तर त्याचे आणखी 3 टक्के वजा होतात आणि गिअरमधून फक्त 51 रेटिंग पुरते. शमन ड्रेनाय वंशाचा असेल किंवा त्याच्या पार्टीत ड्रेनाय वंशाचा शमन, मेज किंवा प्रीस्ट असेल तर आणखी 1 टक्का मिळतो आणि गरज 38 वर येते. 202 हा आकडा कुठेतरी वाचून त्याच्या मागे लागलेला एलिमेंटल शमन दीडशेहून अधिक रेटिंग अक्षरशः पाण्यात घालतो, आणि नवे गिअर घालूनही डॅमेज न वाढण्याचे ते एक मोठे कारण आहे.

लिच किंगमध्ये तो न हटणारा 1 टक्का गेला, म्हणून लक्ष्य 17 टक्के झाले आणि 80 लेव्हलला 1 टक्क्यासाठी 26.23 रेटिंग लागू लागले. नुसत्या गिअरने 446. एलिमेंटल प्रिसिजन इथे 3 टक्क्यांवर आले, म्हणून 368. बॉसवर शॅडो प्रीस्टचे मिझरी किंवा ड्रुइडचे सुधारित फेअरी फायर असेल तर आणखी 3 टक्के कमी होऊन 289, आणि सोबत ड्रेनाय असेल तर 263. याचा व्यावहारिक अर्थ असा की आपल्याला किती हिट लागेल हे आपल्या रेडमध्ये कोण आहे यावरही ठरते. रेडमधला एकुलता एक शॅडो प्रीस्ट सुट्टीवर गेला की गेल्या आठवड्यात पुरलेले हिट या आठवड्यात अपुरे पडते. म्हणून हिटचा एक जेम किंवा एक अंगठी बॅगेत राखीव ठेवावी, असे माझे मत आहे; नेमके काठावर राहणे कागदावर उत्तम दिसते, पण रोजच्या खेळात ते त्रासाचे ठरते.

एनहान्समेंटचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण एकाच हिट रेटिंगचे दोन वेगळे भाव लागतात. लिच किंगमध्ये शस्त्राच्या फटक्यासाठी 1 टक्क्याला 32.79 रेटिंग लागते आणि स्पेलसाठी 26.23. स्टॉर्मस्ट्राइकसारख्या खास फटक्यांना बॉसवर 8 टक्के हिट पुरते. ड्युअल वील्ड स्पेशलायझेशनचे 6 टक्के धरले की उरलेल्या 2 टक्क्यांसाठी 66 रेटिंग पुरे होते, आणि इथेच अनेक जण 'हिट झाले' म्हणून थांबतात. पण याच शमनचे शॉक आणि मेल्स्ट्रॉम वेपनचे पाच थर जमल्यावर सुटणारा तत्काळ लाइटनिंग बोल्ट हे स्पेल आहेत. त्यांना 17 टक्के लागतात आणि ड्युअल वील्डचे 6 टक्के त्यांच्या उपयोगाचे नाहीत. दुसऱ्या टोकाला काही जण दोन शस्त्रांच्या साध्या फटक्यांची 27 टक्क्यांची मर्यादा गाठायला निघतात; टॅलेंट वजा करूनही तिथे 689 रेटिंग लागते, आणि तेवढे जमवताना बाकी सगळे स्टॅट रोडावतात. तिच्या मागे जाऊ नये. स्पेलची मर्यादा गाठावी आणि थांबावे.

एक्स्पर्टीज हाही या कुटुंबातलाच स्टॅट आहे. बॉस 6.5 टक्के फटके चुकवतो आणि ते थांबवायला 26 एक्स्पर्टीज लागते. लिच किंगमध्ये 8.2 रेटिंगला 1 एक्स्पर्टीज मिळते, त्यातले 9 अनलीश्ड रेजमधून येतात, आणि उरलेल्या 17 साठी साधारण 140 रेटिंग लागते. बॉसच्या समोर उभे राहिल्यास तो फटके अडवूही शकतो, म्हणून हे सर्व गणित पाठीमागे उभ्या असलेल्या शमनचे आहे. समोर उभे राहून एक्स्पर्टीज वाढवत बसणाऱ्याने आधी जागा बदलावी. त्याला काही पैसे पडत नाहीत.

चौथी तपासणी : शस्त्रांचा वेग

ही एनहान्समेंटपुरती आहे आणि तिसऱ्या लक्षणाशी जोडलेली आहे. जुन्या आवृत्त्यांत विंडफ्युरी वेपन एकदा लागले की पुढचे 3 सेकंद ते पुन्हा लागू शकत नाही. हातात 1.5 सेकंदांचा खंजीर असेल तर त्या 3 सेकंदांत पडणारे फटके विंडफ्युरीच्या दृष्टीने वाया जातात. शिवाय विंडफ्युरी आणि स्टॉर्मस्ट्राइक दोन्ही शस्त्राच्या एका फटक्याच्या ताकदीवर मोजले जातात, आणि संथ शस्त्राचा एक फटका जड असतो. म्हणून दोन्ही हातांत 2.6 सेकंदांच्या आसपासची संथ शस्त्रे असावीत. वेगवान शस्त्राचा डीपीएसचा (दर सेकंदाच्या डॅमेजचा) आकडा थोडा जास्त दिसला तरी त्याला भुलू नये.

आकडे उसळून मग थंड पडणे हा मात्र काही प्रमाणात विंडफ्युरीचा स्वभावच आहे. तो नशिबावर चालणारा फटका आहे, आणि एका छोट्या लढतीतल्या चढउतारावरून गिअर बदलणे चुकीचे ठरेल. चार-पाच लढतींची सरासरी स्थिर असेल तर दोष नाही असे समजावे.

पाचवी तपासणी : मॅना कुठून येतो आणि कुठे जातो

जुन्या आवृत्त्यांत पाच सेकंदांचा नियम आहे : मॅना खर्च करणारा स्पेल टाकला की पुढचे पाच सेकंद स्पिरिटमधून येणारा मॅना बंद होतो. प्रीस्ट आणि ड्रुइड यांना त्यातला काही भाग टॅलेंटमधून परत मिळवता येतो, शमनला तसे टॅलेंट नाही. अखंड हीलिंग करणारा शमन लढतीत जवळजवळ सर्व वेळ या पाच सेकंदांच्या आतच असतो, त्यामुळे त्याच्या गिअरवरचे स्पिरिट बहुतांशी मृत असते. प्रीस्टने सोडलेली कापडी वस्तू 'हीलिंगचीच आहे' म्हणून घेतली की मॅनाची तक्रार हमखास सुरू होते. शमनला लागतो तो दर पाच सेकंदांना ठराविक मॅना देणारा एमपी5, कारण तो स्पेल चालू असतानाही येतच राहतो.

इंटेलेक्ट घ्यावे की एमपी5, हा वाद लढतीच्या लांबीवर सुटतो. 10 एमपी5 पाच मिनिटांत 600 मॅना देतो. एका इंटेलेक्टमागे 15 मॅना मिळतो, म्हणजे तेवढ्यासाठी 40 इंटेलेक्ट लागेल. लढत तीन मिनिटांचीच असेल तर तोच एमपी5 फक्त 360 मॅना देतो आणि 24 इंटेलेक्टने बरोबरी होते. इंटेलेक्ट थोडे क्रिटही देते, ते वेगळे. म्हणून आपले गिल्ड सध्या ज्या बॉसवर अडले आहे त्याची लढत किती चालते हे पाहून मगच जेम निवडावेत.

त्याआधी खर्चाची बाजू बघावी. लॉगमध्ये ओव्हरहीलिंगचा आकडा मोठा असेल तर मॅना गिअरमुळे संपत नाही, पूर्ण आरोग्य असलेल्यांवर ओतल्यामुळे संपतो. बर्निंग क्रुसेडमध्ये स्पेलची खालची रँक वापरणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. चेन हील तिथे तीन जणांवर जाते आणि प्रत्येक उडीत निम्मी होते : पहिल्याला 100 मिळाले तर दुसऱ्याला 50 आणि तिसऱ्याला 25. लोक विखुरलेले असल्यामुळे ती पहिल्यावरच थांबली, तर 175 च्या जागी 100 मिळाले आणि मॅना पूर्ण गेला. हा तोटा उभे राहण्याच्या जागेचा आहे आणि रेड लीडरशी बोलून सुटतो. टँक मरण्याचेही बऱ्याचदा असेच असते : तक्त्यात वर राहण्यासाठी चेन हील गर्दीवर सोडली जाते आणि टँकवर एकट्यासाठी मोठी हील त्या क्षणी येत नाही.

दुसऱ्या गेममध्ये हा हिशेब तसाच नेऊ नये. 1999 च्या एव्हरक्वेस्टमध्ये शमन कॅनिबलाइझने स्वतःचे आरोग्य मॅनामध्ये बदलतो, त्यामुळे तिथे आरोग्य वाढवणारे गिअर हेच एक प्रकारे मॅनाचे गिअर ठरते.

सहावी तपासणी : हेस्ट, क्रिट आणि नव्या आवृत्तीतली घसरण

इथून पुढे खर्च सुरू होतो, म्हणून वरच्या पाच जागा निर्दोष ठरल्याशिवाय इथे हात घालू नये. जेम, एनचँट आणि नवे ट्रिंकेट यांवर सोने उडवण्याची सर्वांना घाई असते, आणि सर्वांत कमी फरक तिथेच पडतो.

हेस्टचे (स्पेल टाकण्याच्या वेगाचे) टक्के बेरजेने नव्हे तर गुणाकाराने वाढतात, आणि ग्लोबल कूलडाउन (दोन कृतींमधला सक्तीचा थांबा) 1.5 सेकंदांवरून जुन्या आवृत्त्यांत 1 सेकंदाच्या खाली जात नाही. लिच किंगमध्ये एलिमेंटलचा लाव्हा बर्स्ट टॅलेंट धरून 1.5 सेकंदांचा आहे. राथ ऑफ एअर टोटेमचे 5 टक्के, रेडमधले 3 टक्के आणि ब्लडलस्टचे (थोडा वेळ सर्वांचा वेग वाढवणाऱ्या स्पेलचे) 30 टक्के यांचा गुणाकार 1.406 येतो, म्हणजे ब्लडलस्ट चालू असताना गिअरमधून 6.7 टक्के, साधारण 220 रेटिंग, आले की लाव्हा बर्स्ट 1 सेकंदाच्या तळाला टेकतो. हे पाहून काही जण हेस्ट काढून टाकतात, आणि तो उलटा दोष ठरतो : ब्लडलस्ट 40 सेकंदच टिकते, आणि 2 सेकंदांचा लाइटनिंग बोल्ट त्यातही तळाला पोचत नाही. हेस्ट ठेवावेच.

क्रिटबद्दल एवढेच की शत्रूवर फ्लेम शॉक असताना लाव्हा बर्स्टचा क्रिट ठरलेलाच असतो. लॉगमध्ये लाव्हा बर्स्टचे काही फटके क्रिटविना दिसत असतील तर क्रिट रेटिंग कमी आहे असा अर्थ काढू नये; फ्लेम शॉक गळून पडत आहे असा काढावा.

सध्याच्या आवृत्तीत क्रिट, हेस्ट, मास्टरी आणि व्हर्सॅटिलिटी या चारही दुय्यम स्टॅटना 2020 पासून उतरता भाव लागतो. रेटिंगमधून 30 टक्के मिळेपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे 39 पर्यंत 10 टक्के कपात, 47 पर्यंत 20, 54 पर्यंत 30, 66 पर्यंत 40 आणि त्यापुढे निम्मे. कपात त्या त्या टप्प्यातल्या रेटिंगलाच लागते, आधीचे कमी होत नाही. एकाच स्टॅटचा ढीग लावणाऱ्याची वाढ मंदावते ती यामुळे. मास्टरी निवडताना तिचे कामही पाहावे : रिस्टोरेशनची मास्टरी आरोग्य जितके कमी तितकी जास्त हील देते, म्हणून ज्या गटात सगळे सतत भरलेलेच असतात तिथे ती फारशी दिसणार नाही.

या आवृत्तीत एक सोपा नियम बहुतेक वेळा चालतो. चिलखत आणि शस्त्र यांवर मुख्य स्टॅट असतो, म्हणून तिथे जास्त आयटम लेव्हल सहसा जिंकते. अंगठी आणि गळ्यातल्या वस्तूवर मुख्य स्टॅट नसतो, म्हणून तिथे योग्य दुय्यम स्टॅट असलेली कमी लेव्हलची वस्तूही सरस ठरू शकते. सेटचे दोन किंवा चार तुकड्यांचे बोनस मोडताना मात्र नियमावर विसंबू नये, सिम्युलेशन चालवावे. डॅमेजसाठी सिम्युलेशनक्राफ्ट किंवा ते ब्राउझरमधून चालवणारे रेडबॉट्स वापरता येते. हीलिंगसाठी त्यांचा उपयोग नाही, तिथे लॉगच वाचावा लागतो.

पाचव्या लक्षणाबद्दल

शमन आधी पडतो याचे कारण स्टॅमिना असल्याचे क्वचितच दिसते. मृत्यूच्या आधीची दहा सेकंदे लॉगमध्ये वाचावीत. जमिनीवरच्या आगीत उभे राहिल्याने किंवा टँकच्या आधी थ्रेट (शत्रूचे लक्ष) ओढल्याने मृत्यू आला असेल तर स्टॅमिनाच्या जेमने डॅमेज कमी होईल आणि मृत्यू तिथेच राहील. टाळता न येणाऱ्या फटक्यानेच मृत्यू येत असेल, तर आणि तरच एक-दोन वस्तू बदलाव्यात.

कुठे थांबावे, कोणाला बोलवावे

सिम्युलेशनमध्ये दोन वस्तूंमधला फरक 1 टक्क्याच्या आत आला की तपासणी बंद करावी. हाताच्या रोजच्या चढउतारात तेवढा फरक बुडून जातो, आणि त्यासाठी खर्च केलेले सोने पुढच्या मोठ्या वस्तूच्या एनचँटसाठी कमी पडते.

वरील सर्व करून हुकणे मर्यादेत आहे, रिकामा वेळ कमी आहे, मॅनाचा हिशेब लागतो आणि तरीही त्याच गिअरच्या इतर शमनांपेक्षा आपण बरेच मागे आहोत असे दिसत असेल, तर एकट्याने वस्तू बदलत राहणे थांबवावे आणि गिल्डच्या क्लास लीडला किंवा अनुभवी शमनला लॉग दाखवावा. विचारताना गेमची आवृत्ती, टॅलेंट, अंगावरच्या सर्व वस्तू, रेडमधले बफ (साथीदारांकडून मिळणारी वाढ) आणि एका पूर्ण लढतीचा लॉग एकत्र द्यावा. 'माझा शमन कमकुवत वाटतो' एवढ्यावर कोणालाच काही सांगता येत नाही. आपले खाते चालवून गिअर मिळवून देतो म्हणणाऱ्यांना पासवर्ड देऊ नये. ते गेमच्या नियमांविरुद्ध आहे, आणि खाते बंद झाले तर गिअरचा प्रश्नच उरत नाही.

वस्तूवर लिहिलेला परिणाम लॉगमध्ये एकदाही दिसत नसेल, पॅच आल्यावर एखादा टॅलेंट अचानक काम करेनासा झाला असेल, किंवा मिळालेली वस्तू बॅगेतून नाहीशी झाली असेल, तर तो संतुलनाचा दोष नाही. सर्व अ‍ॅडऑन बंद करून एकदा तपासावे, आणि तरीही तसेच घडत असेल तर कॅरेक्टरचे नाव, सर्व्हर, वस्तूचे नाव आणि घटनेची वेळ लिहून गेमच्या सपोर्टकडे तिकीट टाकावे.